झोळी आणि चाक

परप्रांतात चार मराठी कुटुंबे एकत्र आली की दोन गोष्टी हटकून निघतात. एक गणपती आणि दुसरे पावतीपुस्तक. पहिलीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीविषयी मात्र क्वचितच कोणी विचार करतो. वर्गणी मागावी लागते म्हणून आपण ती मागतो, द्यावी लागते म्हणून समोरचा देतो, आणि उत्सव पार पडला म्हणजे हिशेबाचा कागद कोठेतरी दुमडून ठेवला जातो. परंतु सार्वजनिक कार्यासाठी हात पसरण्याचा अधिकार कोणाला आणि तो कशाने मिळतो, हा प्रश्न जुना आहे. अलीकडे सत्कार्यासाठी सायकलवरून लांबचा प्रवास करण्याची आणि त्या निमित्ताने निधी जमवण्याची प्रथा तरुणांत रूढ झाली आहे. तिच्याकडे पाहताना या जुन्या प्रश्नाचे एक चांगले उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडते, असे आम्हांस वाटते.

हा विचार आम्ही पाटनसारखे गाव डोळ्यांपुढे ठेवून करीत आहो. मराठी माणसाच्या तोंडी ते सहजच ‘पाटण’ होते आणि मन कोयनेकाठच्या साताऱ्याच्या पाटणाकडे धाव घेते. हे पाटन जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. जबलपूरहून तीस-बत्तीस किलोमीटरांवर, हिरन नदीच्या खोऱ्यात वसलेले. भोवतीचा मुलूख ‘हवेली’ या नावाने ओळखला जातो. काळीभोर जमीन, शेताशेताला उंच बांध, पावसाळाभर त्या बांधांत कोंडून ठेवलेले पाणी, आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून देऊन केलेली गव्हाची पेरणी, अशी इथली परंपरागत शेती. अलीकडे हिरव्या मटारानेही या भागाचे नाव झाले आहे. येथे मराठी अधिकारी नवा नाही. सन १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. म्हणजे मराठी बोलणारा कमाविसदार, मग कारकून, मग तहसीलदार, असा क्रम या मातीने पाहिला आहे. आणि त्यांपैकी बहुतेकांच्या हाती काहीना काही वसूल करण्याचे काम होते. येथे मराठी माणसाने हात पुढे केला की तो झोळीचा आहे की वसुलीचा, हे समोरच्याला चटकन उमगत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही.

लांबच्या सामुदायिक प्रवासाची तयारी कशी करावी हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आळंदीहून पंढरीस जाणारी ज्ञानदेवांची पालखी ज्या शिस्तीने आज चालते, ती शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिली. हैबतबाबा मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे. परंपरा सांगते की ते ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी चाकरीस होते. म्हणजे तेही आपल्यासारखेच परमुलखातले नोकरदार. घरी परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी कोंडले, त्या संकटातून सुटल्यावर ते घरी न जाता आळंदीस राहिले, अशी कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी त्यांनी केलेली व्यवस्था डोळ्यांपुढे आहे. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला, भजनाचा परिपाठ ठरलेला. अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे आणि तंबू आजही त्या सोहळ्यात मानाने असतात. दिंडीतला वारकरी जेवणाखाणाच्या खर्चासाठी आपला वाटा भरतो. शितोळ्यांनी तंबू दिला, वाटेवरच्या गावाने पिठले-भाकरी दिली, वारकऱ्याने आपला वाटा आणि आपले पाय दिले. यांपैकी दाता कोण आणि याचक कोण, हे सांगणे अवघड आहे. सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या त्या वाटेवर मदत घेणारा कोणीही लाजत नाही, कारण प्रत्येकाने काहीतरी आधीच घातलेले असते.

वर्गणीचा हाच मराठी संस्कार पुढे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडात उतरला. प्रत्येक माणसाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, अशी ती कल्पना. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. तीस कोटी माणसांनी एकेक पैसा दिला असता तर रक्कम सेहेचाळीस लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे रुपये झाली असती! इतकी रक्कम अर्थातच कधी जमली नाही. परंतु लोकमान्यांचा पाठिंबा मिळालेल्या त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला, ही गोष्ट खरी. पैसाफंडाचे मर्म रकमेत नव्हते. एक पैसा मागणारा कोणाला दडपीत नाही, आणि एक पैसा देणारा स्वतःला आश्रयदाता समजू लागत नाही. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठ मूठ धान्य निघाले, त्या मुष्टिफंडातही हीच गोष्ट होती. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून हिंगण्याची वाट पायी तुडवीत आणि सुटीत अनाथ बालिकाश्रमासाठी निधी गोळा करीत फिरत. तेही एक पगारदार गृहस्थच होते. त्यांनी मागितले ते नोकरीच्या खुर्चीतून मागितले नाही. धुळीने भरलेल्या पायांनी दारात उभे राहून मागितले.

खुर्चीतून मागितलेल्या निधीचाही एक इतिहास आहे, आणि अधिकारी वाचकांनी तो विसरू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धनिधी जमवण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी यंत्रणेकडे होते. वर्गणी म्हणायला ऐच्छिक होती. परंतु मागणाऱ्याच्या हाती परवाने, पट्टे आणि दाखले असले म्हणजे ऐच्छिक या शब्दाला कितीसा अर्थ उरतो? तिच्यातील सक्तीविषयी त्या काळी तक्रारी होत राहिल्या. १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच मध्यप्रांतातल्या वर्धा जिल्ह्यात, पवनारला, विनोबा भावे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा गाभाच असा होता की ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला माणसांची वा पैशाची मदत करणे अयोग्य आहे. वर्गणी नाकारण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच एक भाग आहे, हे त्या दिवशी एका मराठी माणसाने देशाला दाखवून दिले.

याच विनोबांनी पुढे १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडून जमीन मागितली. ज्याने देणे नाकारण्याचा हक्क गाजवला, त्यालाच मागण्याचा अधिकारही लाभला, असे म्हणावयास हरकत नाही. १९६२ मध्ये सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीहून अण्वस्त्रांच्या विरोधात पायी जगयात्रेस निघाले, तेव्हा बरोबर पैसा नेऊ नका, असा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. पैसा जवळ असला म्हणजे माणूस दमून आल्यावर खानावळ गाठतो आणि खोली घेऊन झोपतो. नसला म्हणजे त्याला कोणाच्या तरी दारी जावे लागते, आणि तिथे संभाषण सुरू होते. त्या सल्ल्याचा हा अर्थ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आता चाकाकडे वळू. दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या घडणीची सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने बाजारात आणली, आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव शोधून काढली. आपल्याकडे ती प्रथम साहेबाची, मग वकील-डॉक्टरांची, आणि सावकाश पोस्टमनची, शिक्षकाची व पटवाऱ्याची झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियान्यास हीरो, असे देशी कारखाने निघाले तेव्हा ती खेड्यात पोचली. लांबच्या प्रवासाची हौस मात्र त्याच्याही आधीची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारे ४४,००० मैल तुडवून १९२८ च्या मार्चात परत आले. त्यांच्या ग्रंथाला पंडित नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. तो प्रवास दानधर्मासाठी नव्हता. परंतु साधी सायकल आणि साधा माणूस किती दूर जाऊ शकतात, हे त्याने सिद्ध केले.

शरीराचे कष्ट आणि लोकांची वर्गणी यांची सांगड पुढे कॅनडात टेरी फॉक्स या तरुणाने जगापुढे मांडली. हाडाच्या कर्करोगाने त्याचा एक पाय १९७७ मध्ये कापावा लागला होता. कृत्रिम पायावर अनेक महिने सराव करून तो १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिकच्या काठावरून धावत निघाला. प्रत्येक कॅनडावासीयाने एकेक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग छातीत पसरला आणि त्याला थांबावे लागले. १९८१ च्या जूनमध्ये तो वारला. परंतु त्याआधीच निधी दोन कोटी चाळीस लाख डॉलरांच्या वर, म्हणजे त्या वेळच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतका झाला होता. काळ्यांच्या पैसाफंडाचे गणित ज्या ठिकाणी अडले, ते इथे सुटले. दोघांची कल्पना एकच. पण फॉक्सने मागण्यापूर्वी रोज जवळजवळ बेचाळीस किलोमीटर स्वतःचे शरीर झिजवले होते, आणि ती झीज लोकांना रस्त्यावर दिसत होती.

आणि आता आपल्या घरचे उदाहरण. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे वरोऱ्याचे वकील. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहू लागले, आणि १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाबांचे दानाविषयीचे मत प्रसिद्ध आहे. दान माणसाला आतून मोडते आणि काम त्याला घडवते, असे ते म्हणत आले. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहीर खणली, शेत पिकवले, चरखा आणि माग चालवला, ते या श्रद्धेवर. १९६७ मध्ये मूल तालुक्यातील सोमनाथ येथे त्यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावची मुले तिथे येत, सकाळी कुदळ-फावडे चालवीत, दुपारी देशाच्या प्रश्नांवर वाद घालीत. या छावण्यांतून महाराष्ट्रभर अशा तरुणांची एक साखळी तयार झाली, की ज्यांना हाक दिली तर ते निघतील आणि कष्टाला कचरणार नाहीत.

ती हाक १९८५ च्या अखेरीस आली. आदल्या वर्षी पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली होती, दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले होते, पंजाब आणि आसाम अस्वस्थ होते. ‘भारत जोडो’ हे ब्रीद घेऊन ११६ तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने सायकलींवर निघाले. अंतर पाच हजार किलोमीटरांच्या वर. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहावे किंवा आडवे पडावे, एवढेच शक्य होते. म्हणून ते बिछान्याची सोय केलेल्या गाडीतून तरुणांबरोबर गेले. पुढे १९८८ मध्ये दुसरी यात्रा पूर्वेकडून पश्चिमेकडे, इटानगरहून ओख्यापर्यंत निघाली.

या यात्रेच्या पूर्वतयारीचा विचार केला म्हणजे तिचे मोठेपण अधिक कळते. आपण एक अंदाजी गणित मांडू. रोज सरासरी ५० किलोमीटर धरले तर ५,००० किलोमीटरांना १०० दिवस लागतात. ११६ माणसे, दिवसाला दोन जेवणे, म्हणजे १०० दिवसांची २३,२०० ताटे. कोणत्याही संस्थेने ही ताटे आपल्या तिजोरीतून वाढायची म्हटली तर तिजोरी रिकामी होईल आणि यात्रा ही एक सहल ठरेल. अशी यात्रा वाटेवरच्या गावांनी वाढलेल्या ताटांवरच चालते. तामिळ घरातला भात, तेलुगू घरातले लोणचे, पंजाबी घरातली रोटी. ज्या माणसाने ते ताट वाढले तो त्या क्षणापुरता तरी भारत जोडण्याच्या कामात सामील झाला. दानाला नावे ठेवणाऱ्या बाबांनी लोकांचे अन्न कसे स्वीकारले, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर इथे आहे. घाम गाळीत आलेल्या पाहुण्याला वाढलेले ताट दान राहत नाही; ते त्याच कामातले एक काम होते. बाबांचा विरोध होता तो घेणाऱ्याला लाचार करणाऱ्या दानाला.

पाटनच्या एखाद्या मराठी मंडळाने असा प्रवास योजला तर तो कसा होईल? आनंदवनच धरू. पाटनहून जबलपूर, तेथून नर्मदा ओलांडून लखनादौन, मग सिवनी, कुरईचा घाट उतरून नागपूर आणि पुढे वरोरा. एकंदर चारशे किलोमीटरांच्या आसपास. रोज साठ किलोमीटरांच्या बेताने सात दिवसांचा रस्ता. नर्मदेचे खोरे सोडले की सातपुड्याचे पठार चढावे लागते. तेव्हा ज्याने कधी पंधरा किलोमीटरांपलीकडे सायकल मारली नाही, त्याने निदान तीन महिने आधी सरावाला लागावे, आठवड्यातून एकदा जबलपूरला जाऊन यावे. बारा जणांच्या तुकडीत दोघांना तरी पंक्चर काढता यावे, तुटलेली तार बदलता यावी, चेनची कडी जोडता यावी. पंप, रबराचे तुकडे, सोल्यूशन, जादा ट्यूब, ब्रेकचे रबर आणि वंगणाची कुपी यांवाचून घाटात पाऊल टाकू नये.

काळाचीही एक अडचण आहे, आणि तिच्यात मौज आहे. हवेलीच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळतो तो चैत्र-वैशाखात, गहू विकल्यावर. परंतु त्या उन्हात सायकल हाकणे म्हणजे स्वतःला भाजून घेणे. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते चाकांना धरून ठेवतात. प्रवासाला योग्य काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. म्हणजे वैशाखात मिळालेल्या वर्गणीवर मार्गशीर्षात चाक फिरते. मधले सहा महिने तो पैसा दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळावा लागतो. मंडळाच्या सचोटीची खरी परीक्षा चढावर होत नाही, या सहा महिन्यांत होते. पावती प्रत्येक रुपयाची असावी, प्रवासाचा खर्च स्वारांनी आपल्या खिशातून करावा आणि वर्गणीतला पैसा सर्वच्या सर्व कार्याला जावा. परतल्यावर जमाखर्च बाजारपेठेत, चार माणसे वाचतील अशा ठिकाणी लावावा.

राहता राहिली अधिकाऱ्याची गोष्ट. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील बारावा नियम असे सांगतो की, सरकारच्या किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून शासकीय सेवकाने कोणत्याही उद्दिष्टासाठी निधी मागू नये, स्वीकारू नये वा तो जमवण्यात भाग घेऊ नये. पुष्कळांना हा नियम जाच वाटतो. आम्हांस तो या सबंध इतिहासाचे सार वाटतो. ज्याला नाही म्हणण्याची दुकानदाराला भीती वाटते, त्याने मागूच नये. अधिकाऱ्याने रीतसर परवानगी घ्यावी. पावतीपुस्तक शक्यतो इतरांच्या हाती द्यावे. आणि स्वतः सायकलीवर बसावे. लखनादौनच्या चढावर त्याचा हुद्दा कोणी विचारणार नाही. तिथे तो घामाने निथळणारा, पाणी मागणारा एक वाटसरू असेल, आणि एखादी बाई आपल्या ओसरीवरून तांब्या पुढे करील तो त्याच्या सहीच्या भीतीने नव्हे.

हैबतबाबांपासून बाबा आमट्यांपर्यंत ज्यांनी ज्यांनी लोकांपुढे झोळी धरली, त्यांनी ती रिकाम्या हातांनी धरली नाही. आधी स्वतःचे काही त्यात टाकले, आणि देणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक ठेवली. या दोन अटी पाळल्या तर बारा सायकलींची लहानशी तुकडीही त्या परंपरेत बसते. त्या मोडल्या तर दहा लाखांचा निधीही वसुलीच ठरतो. परमुलखात राहणाऱ्या आपणांस तर या अटी दुप्पट काटेकोरपणे पाळावयास हव्यात, कारण तिथे लोक आपल्यावरून साऱ्या महाराष्ट्राची पारख करीत असतात.